"रिपोर्ट अनडिटेक्टेबल आला, आता ॲप काढून टाका" म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

माझा धाकटा भाऊ सहा वर्षं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेतोय. हे त्याला विचारूनच लिहितेय. रविवारी त्याने मला मोबाईलवर एक फॉरवर्ड दाखवला, थोडक्यात असा: एचआयव्ही पेशंटनी सावध व्हा, क्लिनिकच्या ॲपमधून आणि मेसेजमधून तुमचा आजार सगळ्यांना कळतो, रिपोर्ट अनडिटेक्टेबल आला म्हणजे व्हायरस संपला, तरी ॲप गोळीची आठवण करत राहतं कारण कंपन्यांना गोळ्या खपवायच्यात, मेसेजचा काही उपयोग नाही हे संशोधनाने सिद्ध झालंय, मोबाईलच्या लहरींनी औषधाची ताकद जाते, आजच नंबर ब्लॉक करा आणि पुढे पाठवा. मी म्हटलं, असला कचरा वाचतोस कशाला. तर म्हणाला, "ताई, मी ब्लॉक केलाय." आणि गोळ्या? अकरा दिवस बंद! बाटली हातात घेतली तर महिना संपत आला तरी अर्धी भरलेली.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये माझं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात आधी ते अनडिटेक्टेबलचं, कारण याच्यानेच माणूस आजारी पडेल. अनडिटेक्टेबल म्हणजे रक्तातला व्हायरस मशीनला मोजता येईल त्याच्या खाली गेलाय, साधारण एका मिलिलिटरमध्ये ५० कॉपींच्या खाली. संपलाय असं नाही. तो सीडी४ पेशींमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, गप्प पडून असतो, तिथे गोळी पोचून त्याला मारू शकत नाही, फक्त नवीन व्हायरस तयार होऊ देत नाही. गोळी थांबली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आकडा परत वर जातो, आणि तुम्हाला काही जाणवत पण नाही, ताप नाही की अशक्तपणा नाही, म्हणून वाटतं बघा बंद केल्या तरी काही झालं नाही.

बरं, गोळ्या मधेमधे बंद ठेवल्या तर चालेल का हे कोणी बघितलंच नाही असंही नाही. स्मार्ट नावाची ट्रायल याचसाठी झाली. ३३ देश, ५,४७२ माणसं. एका गटाला गोळ्या सलग, दुसऱ्या गटाच्या बंद, रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा २५० च्या खाली घसरला की सुरू आणि ३५० च्या वर गेला की परत बंद. जानेवारी २००६ मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण बंद-चालू गटातली १२० माणसं एकतर दगावली किंवा त्यांना गंभीर संधीसाधू आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली की गाठणारे आजार, झाले, सलग गटात हाच आकडा ४७. आता कंपन्यांना गोळ्या खपवायच्यात म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचा, या ट्रायलला पैसा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा होता आणि हेतूच गोळ्या कमी करता येतील का हे बघायचा होता. नाही आल्या. आणि अनडिटेक्टेबल असताना जोडीदाराला लागण होत नाही हे जे आपण आता छातीठोकपणे सांगतो ना, तेही गोळ्या चालू असेपर्यंतच. म्हणजे हा फॉरवर्ड नुसता पेशंटच्या जिवावर उठलेला नाही, त्याच्या घरातल्या माणसाच्याही.

मेसेजचा उपयोग नाही, यात अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजाने कबूल करते. २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण भारतातली ट्रायल आली, ६३१ पेशंट, अर्ध्यांना दर आठवड्याला ऑटोमॅटिक कॉल आणि चित्राचा मेसेज, फरक पडला नाही. पण लोक तेवढंच सांगतात आणि केनियातली वेलटेल ट्रायल सांगत नाहीत. ती २०१० मध्ये लॅन्सेट या तशाच नियतकालिकात आली, ५३८ पेशंट. तिथे आठवड्यातून एकदा नर्सकडून एकच शब्द जायचा, "माम्बो?" म्हणजे स्वाहिलीत कसं काय. पेशंटने ४८ तासांत "सावा", ठीक, किंवा "शिदा", अडचण आहे, एवढंच कळवायचं. शिदा म्हणाला किंवा गप्प राहिला तर नर्स फोन करायची. वर्षभराने मेसेज गटात ५७ टक्के लोकांचा व्हायरस आटोक्यात होता, दुसऱ्या गटात ४८ टक्के. माझं मत विचाराल तर फरक इथेच आहे, पलीकडे उत्तर वाचणारं माणूस आहे की नुसतं मशीन.

आणि त्या मेसेजमध्ये एचआयव्ही शब्द कुठाय? गोळी शब्द तरी कुठाय? कोणी फोन उचलून बघितला तरी मैत्रिणीने खुशाली विचारली असं वाटेल. भावाचा रात्री नऊचा अलार्म पण "चार्जर" नावाने सेव्ह आहे, इतकं साधं असतं ते.

तरी माहिती बाहेर जायची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट क्लिनिकने न्यूजलेटर पाठवताना ७०० वर लोकांचे ईमेल पत्ते एकमेकांना उघडे केले होते. २०१८ मध्ये ग्राइंडर हे डेटिंग ॲप लोकांचं एचआयव्ही स्टेटस दोन बाहेरच्या कंपन्यांना देत होतं हे उघड झालं. हे वाईटच. पण यावर उपाय म्हणजे क्लिनिकला सांगा मेसेजमध्ये आजाराचं नाव नको, लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा, ॲपला पिन लावा, फोन घरात दोघं वापरत असाल तर तसं सांगून ठेवा, आणि ॲप कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असेल तर का मागतंय ते विचारा. गोळ्या बंद करणं हा त्याच्यावरचा उपाय कसा काय झाला?

लहरींचं काय बोलू. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, मोबाईलचा तिच्याशी काही संबंध नाही. पुढे.

रविवारी आम्ही दोघांनी बसून नंबर अनब्लॉक केला. ब्लॉकच्या फोल्डरमध्ये दोन "कसे आहात?" पडून होते आणि एक मेसेज व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला व्हायरस मोजायच्या टेस्टच्या, तारखेचा, येत्या गुरुवारचा. त्याने लगेच टाइप केलं, "अडचण आहे, गोळ्या बंद झाल्यात", आणि तासाभरात सिस्टरचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत, कधीपासून बंद, आधी कुठल्या गोळ्या होत्या एवढंच विचारलं, डॉक्टरांशी बोलून परत फोन केला आणि त्याच रात्रीपासून सुरू करायला सांगितल्या. गुरुवारी डॉक्टरांनाही अकरा दिवस हा आकडा स्वतः सांगायचा, दोन-तीन दिवस चुकले असं गुळमुळीत नाही, कारण रिपोर्ट वर आला तर तो रेझिस्टन्समुळे, म्हणजे व्हायरस गोळीला दाद देईनासा झाल्यामुळे, की गोळ्यांमध्ये खंड पडल्यामुळे हे त्यांना त्यावरूनच कळणार. हो म्हणालाय.