टॅक्स आमच्या काकांच्या घराला, राजाच्या बालमोरलला नाही

डोकं फिरलंय नुसतं. काका गेले, पस्तीस वर्षं इथे ब्रिटनमध्ये राबून एक घर केलं होतं, मूलबाळ नाही म्हणून माझ्या नावावर ठेवलं, आणि आता ३,२५,००० पाउंडांच्या वर जे काही आहे त्यावर ४० टक्के वारसा कर. ही मर्यादा २००९ पासून जागची हलली नाहीये, घरांच्या किमती बघा कुठे गेल्यात! स्वतःच्या मुलांना घर दिलं तर जादा सूट आहे, पुतण्याला नाही. त्यात कराचा निदान पहिला हप्ता भरल्याशिवाय प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) नाही, प्रोबेटशिवाय घर विकता येत नाही, मग पैसे आणायचे कुठून? हे विचारायला फोन केला तर पाऊण तास म्युझिक ऐकवलं आणि लाइन कट.

आणि राजा? ८ सप्टेंबर २०२२ ला राणी गेली, बालमोरल आणि सँडरिंगहॅम चार्ल्सकडे आले. हे राजवाडे सरकारी नाहीत हां, खाजगी मालमत्ता आहे ती, तरी वारसा कर शून्य. १९९३ मध्ये सरकारशी करार झाला की राजाकडून राजाकडे जे जाईल त्यावर कर नाही. कारण काय तर राजाला स्वतंत्र राहायला खाजगी संपत्ती लागते, दर पिढीला कर कापला तर ती संपून जाईल. अहो मग आमची नाही का संपत? इन्कम टॅक्ससुद्धा तो त्याच करारापासून स्वखुशीने भरतो, कायद्याची सक्ती नाही.

राजाला ड्रायव्हिंग लायसन्स नाही, पासपोर्ट नाही, सरकारी गाडीला नंबर प्लेट नाही, ते एकवेळ सोडून देऊ, त्याने माझं काही जात नाही. पण फौजदारी खटले 'रेक्स' म्हणजे राजाच्या नावाने चालतात आणि त्याच्यावर मात्र खटला भरता येत नाही, १९४७ च्या कायद्याने सरकारला कोर्टात खेचायची सोय झाली तरी राजाला व्यक्ती म्हणून हात लावलेला नाही. हे कोणाला खटकतच नाही का? माझ्या ऑफिसात बोललो तर म्हणे परंपरा आहे. परंपरा म्हणून मी कर नाही भरला तर चालेल का?

सगळ्यात जास्त संताप मृत्युपत्राचा येतो. काकांचं मृत्युपत्र प्रोबेट झालं की कोणीही थोडी फी भरून वाचू शकतो, राणीचं कधी बाहेर येणार नाही, तिच्या नवऱ्याचं, प्रिन्स फिलिपचं तर २०२१ मध्ये कोर्टाने ९० वर्षांसाठी सील केलं. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, समोर फॉर्म आहे आणि त्यात काकांचं मनगटी घड्याळ, आजीच्या दोन बांगड्या, सोफा, सगळ्याची बाजारातली किंमत लिहायची आहे. बालमोरलमध्ये काय काय आहे ते मात्र कोणी विचारलेलं नाही.