लॅपटॉप आहे की तवा

घणसोलीतला मे महिना, डोक्यावरचा पंखाच गरम वारा फेकतोय, आणि गेम लावून दहा मिनिटं होत नाहीत तोच ग्राफिक्स कार्ड ८७ डिग्रीवर, मग क्लॉक (चिपचा वेग) आपोआप खाली आणि ऐन फाइटमध्ये स्लाइडशो. आई आतून विचारते, "मिक्सर लावलायस का रे?" महागडं कूलिंग पॅड घेतलं, त्यापेक्षा मागून दोन जुने गाइड लावून उचलल्यावर जास्त फरक पडला, हवा खालूनच ओढतो ना तो! परवा झाकण उघडलं तर हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, धुळीची अक्षरशः गोधडी (समोर टॉवरचं काम चालूय, संपतच नाही). ब्रशने काढली, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ६० वर लॉक केला, अंडरव्होल्ट केलं (चिपला थोडं कमी व्होल्टेज), आलं ७६ वर. पंधरा दिवसांत परत ८५! आता परत खोला सगळं. एक स्क्रू तर आधीच कपाटाखाली गेलाय.