मुलांना प्लास्टिक जाळायला सांगणाऱ्या संदेशाविषयी

‘पर्यावरणाच्या नावाखाली मुलांना छळू नका’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही दिवस सगळीकडे फिरतो आहे. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. परवा मात्र माझ्या ताईनेच तो कुटुंबाच्या गटावर टाकला आणि खाली लिहिले, ‘पटण्यासारखे आहे. आता आमच्या घरातले नियम बंद.’ तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. खोलीतून निघताना दिवा बंद करणे, ताटात संपेल तेवढेच वाढून घेणे, पाठकोऱ्या कागदांवर चित्रे काढणे या गोष्टी तो कोणी न सांगता करतो, आणि त्या त्याच्या अंगवळणी पाडण्यासाठी ताईनेच दोन वर्षे चिकाटी धरली होती. ती चिकाटी कोणा अनामिकाच्या पाच मुद्द्यांपुढे एका दुपारीत ढासळावी, हे मला सहन झाले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: जगातल्या हरितगृह वायूंचे (म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचे) 71 टक्के उत्सर्जन 100 कंपन्या करतात, म्हणून घरातल्या सवयी निरर्थक आहेत, कापडी पिशवी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा घातक आहे, दिवा सारखा बंद-चालू केल्याने वीज जास्त खर्च होते, या शिकवणीने मुले भेदरून जातात, आणि प्लास्टिक निवडून वेगळे ठेवत बसण्यापेक्षा ते घरामागे जाळून टाकावे, कारण ‘कारखान्यांतही शेवटी जाळतातच, आणि हे काम मुलांनाही जमते’.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे चार चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा मात्र थेट अपाय करणारा आहे. कचरा उघड्यावर जाळला की तो अर्धवट जळतो, आणि त्यात क्लोरीन असलेले पीव्हीसीसारखे प्लास्टिक असेल तर त्यातून डायऑक्सिन नावाची विषारी संयुगे तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी दिलेली माहिती कोणालाही वाचता येईल इतकी सोपी आहे. डायऑक्सिन शरीरातील चरबीत साठून राहतात आणि त्यांचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 7 ते 11 वर्षे लागतात. दीर्घकाळ संपर्क आल्यास रोगप्रतिकारशक्ती, संप्रेरकांची व्यवस्था, प्रजननसंस्था आणि वाढत्या वयातील मज्जासंस्था यांवर परिणाम होतो. गर्भातल्या बाळाला सर्वांत जास्त धोका असतो. त्यांतील सर्वांत विषारी प्रकार माणसात कर्करोग घडवतो, असे संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच नोंदवले आहे. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायऑक्सिनपैकी 90 टक्क्यांहून अधिक अन्नावाटे, मुख्यतः मांस, दूध आणि मासे यांतून जातात; म्हणजे धूर विरला तरी विष विरत नाही, ते जमिनीवर बसते आणि प्राण्यांच्या चरबीतून पुन्हा आपल्या ताटात येते.

राहिली कारखान्यांची गोष्ट. डायऑक्सिन नष्ट होण्यासाठी 850 अंश सेल्सिअसच्या वर तापमान टिकवून ठेवावे लागते, आणि बाहेर पडणारा वायू गाळण्याची यंत्रणा लागते ती वेगळीच. घरामागच्या शेकोटीत यांपैकी काय असते? तिच्या धुरात तोंड घालून काठीने ढिगारा ढोसायला आठ वर्षांच्या मुलाला उभे करा, असे लिहिणाऱ्याने ते वाक्य लिहून झाल्यावर एकदा तरी वाचून पाहिले होते का?

आता 71 टक्क्यांचा आकडा. तो खोटा नाही, पण त्याचा अर्थ उलटा लावला आहे. 2017 च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालात 1988 पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी 71 टक्क्यांचा माग कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या 100 उत्पादकांपर्यंत लावला आहे, आणि त्यांत मोठमोठ्या सरकारी कंपन्याही आहेत. परंतु या उत्पादकांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनापैकी सुमारे 90 टक्के त्यांनी विकलेले इंधन इतरांनी जाळल्यामुळे होते, म्हणजे वीज, वाहने, कारखाने यांतून. कंपन्यांना आणि सरकारांना जाब विचारलाच पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी मुलाने दिवा चालू ठेवण्याची गरज मात्र मला कुठेही दिसत नाही. शिवाय घर ही क्षुल्लक जागा नव्हे: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले 60 टक्के घरांतून गेले. लागेल तेवढेच वाढून घेणारा मुलगा या सर्वांत मोठ्या गळतीपाशीच उभा आहे.

पिशवीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या अभ्यासानुसार सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने परवडण्यासाठी ती निदान 52 वेळा वापरावी लागते, आणि इतर सर्व निकष धरले तर हजारो वेळा. पण उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचा उपद्रव त्या हिशोबात धरलेला नाही. यातून धडा निघतो तो एवढाच, की नव्या कापडी पिशव्या जमवत बसू नये, असलेली फाटेपर्यंत वापरावी. दिव्याविषयीचा दावा तर उत्तरालाही पात्र नाही. एलईडी दिवा लावताना लागणारी जास्तीची वीज क्षणभराची आणि नगण्य असते.

मुले भेदरतात, ही तक्रार मात्र मी झटकून टाकणार नाही. 2021 मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या संशोधन नियतकालिकाने 10 देशांतील 16 ते 25 वयोगटातल्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यांतील 59 टक्के हवामानबदलाने फार किंवा अतिशय चिंतित होते. पण त्याच पाहणीत ही चिंता सरकारे पुरेसे काही करत नाहीत या भावनेशी जोडलेली आढळली. घरातल्या सवयींनी ती निर्माण झाली, असे तीत कुठेही म्हटलेले नाही. लहान मुलाला जगबुडीची चित्रे दाखवू नयेत, दिवा विसरला म्हणून त्याला अपराधी ठरवू नये, हे खरेच आहे. ताईने तसे कधी केलेही नाही. तिने फक्त स्वतः दिवा बंद केला आणि त्याने ते पाहिले.

ताई, घरातले नियम ठेवायचे की नाही, हे तूच ठरव. मात्र ज्या गटावर तो संदेश टाकलास, तिथेच आजच्या आज एवढे लिही की प्लास्टिक जाळण्याचा सल्ला चुकीचा आहे. त्या गटावर लहान मुले असलेली आणखी चार घरे आहेत.