पुंगळी अडकली म्हणजे एक्स्ट्रॅक्टर गेला असं नाही

नमस्कार दादा,

पॉइंट टू-टू (.22) सेमी-ऑटोमॅटिक रायफलच्या माझ्या लेखावर तुम्ही देवगडहून लिहिलंत की, "पुंगळी अडकते म्हणजे एक्स्ट्रॅक्टर गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढासा पार्ट बदलायचा सोडून तुम्ही लोकांना ब्रश मारायला बसवता, वर गनस्मिथकडे पाठवता. इथून कोल्हापूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो." अंतराची अडचण खरीच आहे. म्हणूनच सांगतो, पार्ट मागवण्याआधी पुंगळी, म्हणजे बार उडाल्यावर उरलेलं रिकामं काडतूस, नीट बघा.

या रायफली बहुतेक ब्लोबॅकच्या असतात, म्हणजे बाराच्या धक्क्यानेच बोल्ट (चेंबर बंद करणारा मागचा सरकता भाग) मागे जातो. बार उडाला की वायूचा दाब पुंगळीला मागे रेटतो आणि पुंगळी बोल्टला. तिला बाहेर ओढून काढण्याचं काम एक्स्ट्रॅक्टरकडे, म्हणजे काडतुसाचा काठ पकडणाऱ्या बोल्टवरच्या आकड्याकडे, फारसं नसतंच. पुंगळी बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर आपटेपर्यंत तिला बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवायचं, एवढंच त्याचं मुख्य काम. त्यामुळे पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसून राहत असेल, तर पहिला संशय चेंबरवर (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागावर) घ्यायचा. याउलट न उडालेलं काडतूस हाताने बोल्ट ओढूनही बाहेर येत नसेल, तर मात्र एक्स्ट्रॅक्टरच बघायचा. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

अडकलेली पुंगळी काढलीत की उजेडात धरा. काठ कुरतडल्यासारखा दिसला, तर एक्स्ट्रॅक्टरने पकडलं होतं, पुंगळीच सुटली नाही. काठावर ओरखडाही नसेल, तर आकडा बसलाच नाही. आकड्याखाली काजळी आणि मेण साचून दगडासारखं झालेलं असतं, ते लाकडी टूथपिकने कोरून काढा. स्प्रिंग गंजली असेल तर आधी तीच बदला. आकडा त्या मानाने क्वचित झिजतो.

पुंगळीच्या अंगावर, काठाच्या जवळ, एक बारीक रेघ उमटलेली दिसते का तेही बघा. आपल्याकडे बंदूक ठेवून देताना रिकाम्या चेंबरवर चाप ओढायची सवय घराघरात आहे. पॉइंट टू-टूची फायरिंग पिन काडतुसाच्या काठावर मारते. काडतूस नसेल तर कित्येक रायफलींत ती थेट चेंबरच्या तोंडावर आपटते. तिथलं लोखंड दबून आत सरकतं आणि पुंगळी त्यात अडते. एक्स्ट्रॅक्टर दहा वेळा बदला, ही रेघ जाणार नाही. हे काम परवानाधारक गनस्मिथचंच, घरी कानस लावायची नाही.

आता चेंबर साफ करायच्या ब्रशबद्दल. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीला मेण किंवा ग्रीस असतं. ते, काजळी आणि खाऱ्या हवेतला ओलावा मिळून चेंबरमध्ये थर धरतो. पावसाळ्यात रायफल कापडी कव्हरात बंद राहिली, किंवा निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा होऊन तेलाशिवाय पडून राहिली, की त्या थराखाली गंज चढतो. ब्रश मारायचा तो हा थर काढायला. आणि कृपा करून खोबरेल तेल लावू नका! चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडेही पारा त्याच्या खाली उतरतो, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत पांढरी साय धरते. मग आकडा हलणार कसा? बंदुकीचं पातळ तेल घ्या, तेही थेंबभर.

पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकत असेल तर प्रकरण वेगळं. ती चेंबरमधून सुटलेली असते, पण बोल्ट पुरेशा जोराने मागे येत नाही, नाहीतर इजेक्टर वाकलेला असतो. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) काडतुसं वापरत असाल तर आधी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, वापरून बघा, पण रेंजवरच.

हे सगळं बघूनही आकडाच झिजलेला निघाला, तर जरूर बदला, आणि त्याच मॉडेलचा घ्या. मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याशिवाय कशालाच हात लावू नका. स्प्रिंग उडते, म्हणून काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा. तुम्ही शेजाऱ्यांच्याही रायफली दुरुस्त करून देता असं लिहिलंय, ते थांबवा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. तुमचा स्वतःचा परवाना त्यापायी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी अडकलेली पुंगळी फेकू नका. तिच्या काठाचा जवळून काढलेला फोटो इथेच टाका, आपण मिळून बघू.