धुपदाळचे ते पक्षी सायबेरियन क्रौंच नव्हेत

‘गोकाकजवळ धुपदाळला सायबेरियन क्रौंच उतरलेत’ असं सांगणारा फोटो दोन दिवस बेळगावच्या ग्रुपांवर फिरतोय. तो पक्षी पांढरा करकोचा आहे. फोटो मोठा करून बघा: मिटलेल्या पंखाची कड काळीभोर, चोच लांब आणि लालबुंद, चेहऱ्यावर पांढरी पिसं. सायबेरियन क्रौंचाचा चेहरा पिसांविना लाल असतो. त्याच्या पंखातला काळा रंग उडतानाच दिसतो. भारतात तो शेवटचा दिसला 2001-02 च्या हिवाळ्यात, भरतपूरला. धुपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात मात्र पांढरे करकोचे आणि राखाडी कांड्या करकोचे हिवाळ्यात येतात, तेही हजारो किलोमीटर उडून. हे नवल काय कमी आहे? मेसेज पुढे पाठवू नका, आणि फोटोसाठी काठापर्यंत गाडी नेऊन थवा उठवू नका.