मुलाखतीतला गृहपाठ

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक वाद हमखास पेटतो. कुणीतरी लिहितं, अमुक कंपनीला मुलाखतीसाठी असाइनमेंट करून पाठवली, मग एचआर फोन उचलेना आणि काही महिन्यांनी त्यांच्या ॲपमध्ये आपलंच फीचर दिसलं. लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ऑफर लेटर हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आधी एनडीएवर, म्हणजे ऐकलेलं बाहेर न फोडण्याच्या करारावर, सही घ्यायची. दुसऱ्याचं, नोकरी मागायला गेलात ना? मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

स्टुटगार्टमध्ये बसून हे वाचताना मी दुसऱ्या तटात असतो, पण निम्माच. तासाभराच्या मुलाखतीत मावणारी कल्पना बहुतेक वेळा त्या कंपनीतल्या कुणालातरी आधीच सुचलेली असते. ती बजेटपाशी, जुन्या सिस्टिमपाशी नाहीतर एखाद्या साहेबापाशी अडकलेली असते. कंपनीला माणूस हवा असतो तो ती तिथून सोडवायला. ते तुम्हाला जमेल का, हे तुम्ही गप्प बसलात तर कळणार कसं? आणि फ्रेशरने एनडीए पुढे केला, तर सही करायच्या आधी समोरचा पुढच्या उमेदवाराला आत बोलावेल.

कायद्याचंही थोडं तसंच आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. पण विश्वासाने सांगितलेली, तपशिलात मांडलेली कल्पना उचलली तर दाद मागता येते. 2003 मध्ये मुंबई हायकोर्टात नेमकं हेच झालं. सनडायल या निर्मिती कंपनीने झीला एका मालिकेची संकल्पना गोपनीय म्हणून सांगितली होती. झीने तशीच मालिका आणल्यावर कोर्टाने विश्वासभंगाच्या मुद्द्यावर तिच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला. मात्र तिथे लढणारी एक कंपनी होती. हिंजवडीत खोली शेअर करून राहणारा पोरगा हायकोर्टात जात नसतो.

माझा भाचा त्यातलाच. त्याला एका स्टार्टअपने शुक्रवारी संध्याकाळी ईमेल पाठवला: ॲपचे तीन स्क्रीन, दोन शहरांसाठी दरांचं एक्सेल आणि पहिल्या 90 दिवसांचा प्लॅन, सोमवारी सकाळी दहापर्यंत. पठ्ठ्याने सगळं केलं. वर पीडीएफच्या प्रत्येक पानावर करड्या अक्षरांत तिरका 'गोपनीय' शिक्का मारला. "मामा, एवढं पुरेल ना?" म्हणून मला विचारत होता. मी म्हटलं, अरे, आयडिया गेली तर गेली, तुझ्या शनिवार-रविवारचं काय? दरांचं ते एक्सेल म्हणजे कल्पना नव्हे, काम आहे. बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतलं असतं तर त्याचं बिल आलं असतं.

आपल्या वादात हा प्रश्न येतच नाही. इथे जर्मनीत तो आधी येतो. उमेदवाराने येऊन नुसतं पाहिलं, विचारलं, थोडा हात लावून बघितला तर त्याचे पैसे नाहीत. पण कधी यायचं, काय करायचं हे कंपनी ठरवू लागली आणि त्यातून तिचं काम होऊ लागलं, तर मजुरी द्यावी लागू शकते. 2019 मध्ये कासेलच्या संघीय सामाजिक न्यायालयापुढे एका ट्रक ड्रायव्हरचं प्रकरण आलं होतं. उरलंसुरलं, टाकाऊ अन्न गोळा करणाऱ्या कंपनीत तो नोकरीसाठी चाचणीच्या दिवशी गेला, कचऱ्याचे डबे उचलता उचलता ट्रकवरून पडला आणि डोक्याला मार लागला. तो अजून कामावर लागलेलाच नाही, म्हणून विमा संस्थेने हात वर केले. न्यायालयाने ते मानलं नाही. त्याने उचललेल्या डब्यांचा कंपनीला आर्थिक उपयोग होता, म्हणून त्याला अपघात विम्याचं संरक्षण मिळालं. पीडीएफला हा न्याय जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य. पण प्रश्न कुठून सुरू करायचा ते त्यातून दिसतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. रेस्टॉरंटच्या किचनमध्ये 'एक दिवस येऊन बघ' म्हणत फुकट भांडी घासून घेणारे आहेत, आणि बर्लिनच्या स्टार्टअपवाल्यांचा गृहपाठही पुण्याइतकाच लांबलचक असतो. फरक एवढाच, की याचे पैसे मिळणार का, असं विचारणारा उमेदवार इथे उद्धट ठरत नाही.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे नाही म्हटलं तर दुसरा कॉल येतो. माझ्यामागे रांग उभी आहे." यावर माझ्याकडे उत्तर नाही. परदेशात बसून, बेकारी भत्त्याची सोय असलेल्या देशातून, त्याला बाणेदारपणा शिकवणं सोपं आहे. एवढं मात्र मी त्याला बजावलं, की आत्ताच्या कंपनीचे आकडे किंवा तिथल्या क्लायंटची माहिती चमकायच्या नादात सांगू नकोस. ती तुझी नाही, आणि ती ऐकणारा शहाणा असेल तर उद्या आपलीही अशीच बाहेर सांगशील हे ओळखेल.

उरला ग्रुप. तिथे तावातावाने लिहिणारे माझे निम्मे बॅचमेट आज स्वतःच मुलाखती घेतात. असाइनमेंट काय द्यायची, हे त्यांच्यापैकीच कुणीतरी ठरवतं. कंपनीने मागच्या वर्षी सोडवून संपवलेला एखादा प्रश्न घ्या, सगळ्या उमेदवारांना तोच द्या, ऑफिसात समोर बसवून दोन तास त्यावर बोला. माणूस कसा विचार करतो ते कळतं, आणि चोरीचा प्रश्नच येत नाही, कारण उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. हे मी मागच्या वेळी ग्रुपवर लिहिलं. तिघांनी अंगठा दाखवला. चौथ्याने लिहिलं, "पण मग आम्हाला नवीन आयडिया कुठून मिळणार?" पुढे हसणारा इमोजी होता, पण तो थट्टा करत होता असं मला वाटत नाही.