बॉट जेवत नाही

मला शिवराळ ठरवून चोवीस तास गप्प बसवण्यात आलं. तेही कोल्हापुरात. जिथं जिवलग मित्र भेटल्यावर आधी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करतात, आणि एखाद्यानं केला नाही तर ‘रागावलायस काय मर्दा?’ म्हणून चौकशी होते, त्या गावात.

गच्चीवरच्या पेटीत आषाढाचं पाणी शिरलं आणि आतली मंडळी कडेनं चढून जिन्याकडे निघाली. मी शेतीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘गांडूळखताच्या पेटीत पाणी शिरले आहे. उपाय सुचवावा.’ पूर्णविरामासकट. क्षणात मजकूर गायब आणि खाली ग्रुपवर पहारा देणाऱ्या बॉटची पाटी: ‘अपशब्द. इशारा १/३.’ मी विचारलं, ‘गांडूळ हा अपशब्द कसा?’ इशारा २/३. पुढचं सांगत नाही. त्या शब्दातला शेवटचा ‘ळ’ बोटानं झाकून पाहा, म्हणजे बॉटला काय दिसलं ते तुम्हालाही दिसेल.

हा रोग जुना आहे. इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचं पोलादाच्या कारखान्यांचं गाव आहे, म्हणजे आमच्या उद्यमनगरचं लांबचं नातलगच. १९९६ साली तिथल्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली. त्यानंतर आपलं यान चंद्रावर उतरलं, पण आमच्या ग्रुपचा बॉट अजून स्कन्थॉर्पच्या वेशीवरच उभा आहे.

बॉट मुळात वाईट असतो असं नाही. १९९३ साली आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या कट्ट्यावर, एगड्रॉप नावाचा बॉट आला. तिथल्या ग्रुपला चॅनेल म्हणत. चॅनेलचा मालक बाहेर पडला की दुसरेच घुसून चॅनेल बळकावत, म्हणून सदा जागा राहणारा कुणीतरी तिथं बसवायचा. राखणदारी, बास. त्या राखणदाराला भाषेचा मास्तर कुणी केला? मास्तरकी मी केली आहे, मराठीची, निवृत्त होईपर्यंत. शिवी देणाऱ्या पोराला आधी ‘काय म्हणालास?’ एवढं तरी विचारायचो.

तर, मार्केट यार्डाजवळ ॲडमिन अण्णांचं खताचं दुकान आहे, तिथं गेलो. गांडुळं जिन्यात होती, थांबायला वेळ नव्हता.

“सर, बॉटच्या कामात मी पडत नाही,” अण्णा म्हणाले. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यासारखे.

युरियाच्या पोत्यावर शिरोळकडचे एक आबा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली. “कोन बॉट?”

“ग्रुपवर लक्ष ठेवतो तो, आबा.”

“आडनाव काय त्याचं?”

“आडनाव नसतं त्याला. प्रोग्रॅम आहे तो.”

“म्हंजे सांगत न्हाई.” आबांनी चुना झटकला. “आडनाव न सांगणारा मानूस, मास्तर, एक तर लई मोठा असतोय, न्हाईतर फरारी. त्याचा पावना कोन हाय हिकडं?”

अण्णांना कबूल करावं लागलं की बॉट त्यांच्या भाच्यानं बसवलाय. भाचा हिंजवडीत असतो.

“म्हंजे पुन्याचा!” आबांचा निम्मा तपास संपला. “अण्णा, सांजच्याला बोलवून घे त्याला. मटान टाकू. बांधाची भांडनं मिटवल्यात म्या तांबड्या-पांढऱ्यावर. भावाभावांची मिटवल्यात. ह्यो कोन लागून गेला?”

“आबा, तो जेवत नाही.”

आबांचा हात थांबला. “उपास हाय?”

“कायमचाच.”

“पांढरा बी न्हाई?”

“पाणीसुद्धा नाही.”

आबा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी मनापासून म्हणाले, “मग त्याच्यासंगं मिटवायचं कसं?”

मला उत्तर देता आलं नाही, आणि ज्यांनी हे बॉट बनवलेत त्यांनाही येईल असं वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पंचानं चुकीची शिट्टी मारली, तर त्याला निदान नंतर पेठेतूनच घरी जायचं असतं, त्यामुळं शिट्टी तोंडात असताना तो चार चेहरे बघून घेतो. बॉटला ना पेठ, ना घर, ना लाज.

आबांनी मात्र अण्णांचा फोन मागून घेतला. “कुठं दाबायचं बोलायला? धर दाबून.” आणि ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज सुटला. त्यात आधी बॉटच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांचा परामर्श होता, शिरोळ तालुक्यातल्या सगळ्या ठेवणीतल्या मालासकट. मग तितक्याच मायेनं उपाय: पेटीच्या बुडाला भोकं पाड, ओला थर काढ, कोरडं पाचट घाल, वर गोणपाट टाक, चार दिस पाणी मारू नको. बॉट ढिम्म. तो फक्त अक्षरं चाळतो, कान त्याला नाहीत. डार्विननं म्हातारपणी गांडुळांना पियानो ऐकवून पाहिला होता आणि त्यांना ऐकू येत नाही असं ठरवलं होतं. पण गांडूळ निदान खत तरी करतं.

आबांच्या भाषणाखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. पूर्णविराम देऊन लिहिणारा मी म्यूट.

आणि खरा चटका पुढंच आहे. अण्णा म्हणाले, “सर, बाकी कुणी अडकत नाही बघा,” आणि त्यांनी ग्रुप वर सरकवून दाखवला. ‘गांडुळ खत मिळेल.’ ‘गांडुळ कल्चर पायजे.’ सगळे ऱ्हस्व! बॉटच्या यादीत दीर्घ आहे. भाच्यानं कुठूनतरी आयती यादी उचलली असणार, आणि ती करणाऱ्याला शेती येत नसली तरी शिव्या शुद्ध येत होत्या. ज्या चुकीवर मी जन्मभर लाल खुणा केल्या, ती करणारे सगळे मोकळे, आणि अख्ख्या ग्रुपात बरोबर लिहिणारा एकटा मी आत.

इथवर हसलो असतो. पण त्याच रात्री त्याच ग्रुपवर ‘घरबसल्या रोज कमवा’ची जाहिरात ठाण मांडून होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी रशियन अक्षरं पेरलेली, म्हणजे बॉटला तो शब्दच दिसू नये. खाली एका भल्या माणसानं ‘नंबर द्या’ म्हणून लिहिलेलं. त्याला ‘देऊ नका पैसे’ एवढं सांगायला मी तीनदा टाइप केलं. पाठवायचं बटणच नाही! ओळख ना पाळख, फोन तरी कुठं करायचा? शिवीचा वास शब्दाच्या पोटात शिरून घेणाऱ्या या हुशाराला समोर बसलेला चोर दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याच्या तोंडाला कुलूप.

बॉटमध्ये अपवादाची यादी असते. एक शब्द घालायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण पासवर्ड भाच्याकडे, आणि भाचा ‘गणपतीला आलो की बघतो’ म्हणतोय.

“तोवर ऱ्हस्व लिहा की सर,” अण्णा म्हणाले. “काय बिघडतंय?”

नाही लिहिणार.

काल आबांचा फोन आला. गांडुळांची चौकशी झाली, ती परत पेटीत गेली आहेत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, म्या इचार केला. तिखाट सोसत नसंल त्याला. निस्ता पांढरा करू. इचारून तरी बघा.”